खुणेच्या वर चार बोटं

“येत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत हे छत असं सपाट करतो, की त्यावर कॅरम खेळता येईल!” शरदराव म्हणाले.

“छतावर कॅरम?” पलंगावर उताण्या पडलेल्या अनुपमाबाईंनी विचारलं. “सोंगट्या खाली नाही का पडणार?”

“अगं, म्हणजे इतकं सपाट!”

“मग तसं म्हणा.”

अनुपमाबाईंनी एकतीस वर्षं महाडच्या शाळेत गणित शिकवलं होतं. चुकीचं विधान त्यांना घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचायचं, आणि सध्या तर टोचून घ्यायला त्यांच्याकडे वेळच वेळ होता. तांदळाचा डबा उचलताना कमरेतली चकती सरकली आणि डॉक्टरांनी त्यांना सहा आठवडे उताणं पडून राहायला सांगितलं. उताण्या माणसाचं जग म्हणजे छत. पहिला आठवडा त्यांनी ते मुकाट्याने पाहिलं. आठव्या दिवशी म्हणाल्या, “अहो, छत वाकडं आहे.”

शरदरावांनी वर पाहिलं. अठ्ठावीस वर्षं ते याच छताखाली झोपत होते. छत नावाची एक वस्तू वर आहे आणि ती आहे म्हणून पाऊस अंगावर पडत नाही, एवढाच त्यांचा तिच्याशी परिचय होता.

“कुठे वाकडं?”

“पंख्याच्या पलीकडे पोट सुटलंय त्याला. खिडकीकडच्या कोपऱ्यात वर गेलंय. दीड इंचाचा तरी फरक असेल. पुस्तक धरलं की हात दुखतात, डोळे मिटले की हेच दिसतं. सहा आठवडे मी हे सुटलेलं पोट बघत राहू?”

शरदरावांनी नकळत स्वतःचं पोट आत घेतलं.

पण बायकोचं बोलणं त्यांच्या मनात रुतलं. शरदराव पोस्टमास्तर म्हणून गेल्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि स्वभावाने पुरते स्वप्नाळू होते. पत्रावर शिक्का मारता मारता ते त्या पत्राबरोबर त्या गावी जाऊन यायचे. एकदा पाकिटावर दार्जिलिंगचा पत्ता पाहून त्यांनी ऐन एप्रिलात घरून मफलर मागवला होता! आता त्यांच्या डोळ्यांपुढे छत आलं. पांढरंशुभ्र, शांत, थाळीत निवत ठेवलेल्या दुधासारखं. त्याच्याखाली अनुपमा पडली आहे, बाहेर पाऊस पडतो आहे, आणि तिचं दुखणं हळूहळू त्या पांढऱ्या रंगात विरघळून चाललं आहे. विरघळता विरघळता इतकं लांब गेलं, की गॅसवरचं दूध उतू गेलं.

आळीतल्या कुशाबाच्या कानावर ही गोष्ट गेली. कुशाबा मूळचा कापडे गावचा, पन्नास वर्षं गवंडीकाम करून आता मुलाकडे राहायला आलेला. तो जिना चढून वर आला.

“मास्तर, मी करतो की. दोन दिसांचं काम हाय.”

“नको कुशाबा. मी सगळे व्हिडिओ बघितलेत. बाईंना मला माझ्या हातचं छत द्यायचंय.”

पोहता न येणारा माणूस नदीत सूर मारताना बघावं, तसं कुशाबाने त्यांच्याकडे बघितलं. “बरं. पातळी बघायच्या नळीतला बुडबुडा तेवढा काढा,” असं म्हणून तो निघून गेला.

मग शरदराव कामाला लागले. अनुपमाबाईंना त्यांनी पुढच्या खोलीत, खिडकीपाशी हलवलं. आतल्या खोलीतलं कपाट, गादी, पंखा सगळं निघालं. जेवणाचं टेबल मधोमध आलं. शुक्रवारी त्यांनी पीओपीच्या पहिल्या गोणीतलं अर्धं पीओपी बादलीत कालवलं आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. वरंधच्या बाजूचे डोंगर ढगांत बुडाले होते. मधेच एखादा धबधबा पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसे आणि पुसला जाई. त्या दोऱ्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात असेल, असा विचार शरदराव दहा मिनिटं करत राहिले. तेवढ्यात बादलीत दगड तयार झाला! पीओपी घट्ट व्हायला दहाच मिनिटं लागतात, हे व्हिडिओत सांगितलं होतं. पण व्हिडिओतल्या माणसाच्या खिडकीतून डोंगर दिसत नसावा.

बादली दाराला टेकवून ठेवायला उपयोगी पडली. शरदरावांनी समोरच्या मोबाईल दुकानातल्या हर्षदला आणखी एक गोणी आणायला सांगितली. “डोन्ट वरी काका, कल दुपार को पोहोचवतो,” हर्षद म्हणाला. तो चार वर्षं मुंबईत राहून आला होता आणि तिथल्या सगळ्या भाषा एकाच वाक्यात बसवायचा.

आता इथे आळीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर शनिवारी जे झालं त्यात बिचाऱ्या माणसांचा काय दोष, हे कळायचं नाही.

ही आळी सावित्री नदीच्या बाजूची. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात पाणी जिथवर चढलं, तिथे गोमाजीने आपल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने आडवी रेघ मारून ठेवली होती. उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकी उंच. आळीत तिला सगळे ‘खूण’ म्हणत. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की ‘कसं काय’ च्या आधी पाण्याचं विचारत. आणि आळीत वरचा मजला होता फक्त शरदरावांचा. त्या वर्षी तेवीस माणसं दोन दिवस त्याच मजल्यावर राहिली होती. तेव्हापासून मागच्या जिन्याचं दार पावसाळ्यात कधी लावायचं नाही, असं न बोलता ठरून गेलं होतं. शिवाय अनुपमाबाईंच्या खिडकीतून घरांच्या कौलांवरून थेट नदीचं वळण दिसायचं. आळीत दुसऱ्या कुणालाच ते दिसत नसे.

शनिवार उजाडला तोच पावसात. सलग तिसरा दिवस होता. दुपारी जेवणं झाल्यावर सगळी आळी पेंगुळली. शरदरावांनी गवंडी वापरतात ती पाणसळ तयार केली. म्हणजे एक लांबलचक पारदर्शक नळी आणि तिच्यात पाणी. नळीची दोन टोकं दोन खोल्यांत नेली, तरी पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत राहतं, आणि मग भिंतींवर त्या पातळीच्या खुणा करून छत कुठे किती उतरलंय ते मोजता येतं. पाणी नीट दिसावं म्हणून शरदरावांनी त्यात पोस्टातली जुनी जांभळी शाई घातली. बुडबुडा काढला. नळीत संध्याकाळ भरल्यासारखी दिसू लागली. ते तिच्याकडे बघत बसले.

“अहो, झोपलात की काय?” पुढच्या खोलीतून हाक आली.

“नाही, नाही! आलो.”

नळीचं एक टोक त्यांनी अनुपमाबाईंच्या उशाशी खिडकीच्या गजाला बांधलं आणि चौकटीवर पेन्सिलने एक रेघ ओढली. “ही खूण. मी आत टोक वर-खाली करणार. पाणी खुणेच्या वर आहे की खाली, एवढं ओरडून सांगायचं.”

“किती वर, किती खाली, तेही सांगते. नुसतं वर-खाली म्हणजे काय माप झालं?”

पाऊस कौलांवर ताशासारखा वाजत होता. एकतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज अनुपमाबाईंनी मोकळा सोडला. उताणं पडून पंधरा दिवस झाले होते. काहीतरी काम मिळाल्याच्या आनंदाने तो आणखीच खणखणीत झाला होता.

“पाणी कुठवर?” आतून शरदराव.

“खुणेच्या खाली दोन बोटं!”

“आता?”

“चढतंय! चढतंय! लागलं खुणेला!”

“आणि आता?”

“खुणेच्या वर गेलं हो! चार बोटं वर! अजून चढतंय!”

खाली ओटीवर ठमाबाई शेळीला पाला घालत बसली होती. पाला तिच्या हातातच राहिला. तिने वर खिडकीकडे पाहिलं, मग गिरणीच्या भिंतीवरच्या लाल रेघेकडे पाहिलं.

“गोमाजी! गोमाजी रे!” ती ओरडली. “बाई सांगतायत, पानी खुणेच्या वर गेलं!”

गोमाजी गिरणीतून पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर आला. “कुठं गो? इथं तर काय नाय.”

“इथं नाय रे, नदीवर! वरच्या वळणाला! बाईंच्या खिडकीतनं दिसतं ना!”

“बाई म्हणाल्या?”

“चार बोटं म्हणाल्या!”

गोमाजीचा चेहरा पिठाखालीसुद्धा पांढरा पडलेला कळला. दुसरं कुणी म्हणालं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण अनुपमाबाई! त्यांनी गोमाजीला नववीला पस्तीसला एक कमी पडत असताना तो एक दिला नव्हता. त्या चार बोटं म्हणाल्या म्हणजे साडेतीन नव्हेत आणि पाच नव्हेत. त्याने गिरणीचं बटण बंद केलं.

हर्षद दुकानातून धावत आला. खिडकीखाली उभं राहून त्याने तोंडाभोवती हात धरले. “मॅडम! लेव्हल किती? कन्फर्म है क्या?”

हा मुलगा मदतीला आला वाटतं, असं अनुपमाबाईंना वाटलं. “लेव्हल खुणेच्या वर एक बोट!” त्यांनी अचूक उत्तर दिलं. “मघाशी चार होती! सारखी बदलतेय!”

“सारखी बदलतेय” हे ऐकून हर्षदने आळीच्या ग्रुपवर टाकलं : ‘लेव्हल खुणेच्या वर. मॅडम कन्फर्म. सब लोक वर चला.’

मग काय विचारता! त्या वर्षी जी तारांबळ उडाली होती, ती आळीला तोंडपाठ होती. मागच्या जिन्याने टीव्ही चढले, मिक्सर चढले, गाद्या चढल्या. हर्षदच्या दुकानातले मोबाईल पाटीत भरून मासळीसारखे डोक्यावरून वर गेले. ठमाबाईने शेळी कडेवर घेतली. शेळी मोठी होती, ठमाबाई लहानखुरी होती, त्यामुळे कोण कुणाला घेऊन चाललंय ते नीट कळत नव्हतं. दोघा-तिघांनी मिळून एक फ्रिज चढवला. तो जिन्याच्या वळणावर अडकला, उघडला, आणि त्यातून एक टोप कालवण पायऱ्या मोजत खाली गेलं.

शरदरावांनी धूळ पुढे जाऊ नये म्हणून आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं. बाहेरची धडपड त्यांना पावसाचीच वाटली. पुढच्या खोलीत पडलेल्या अनुपमाबाईंना मात्र नवरा कपाटं हलवतोय असं वाटलं.

“अहो, किती सामान हलवताय?”

“मी कुठे? मी टेबलावर आहे!” पण तेवढ्यात ढग गडगडला.

खुणा पूर्ण झाल्या. शरदरावांनी मोजलं तर खरंच दीड इंचाचा फरक निघाला. बायकोच्या नजरेचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी टेबलावर उभं राहून एकट्यानेच मान डोलावली. उरलंसुरलं पीओपी कालवून ते कोपऱ्यात लावू लागले. ते संपत आलं, आणि दार ढकलून गोमाजी आत आला. पाठीवर गोणी.

“मास्तर, ही इथं ठेवतो. स्वयंपाकघरात जागा नाय.”

शरदरावांचा चेहरा उजळला. हर्षदने गोणी गोमाजीबरोबर पाठवलेली दिसते! “ठेवा, ठेवा! अगदी वेळेवर आलात!”

गोमाजीने गोणी उतरवली आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, “अजून किती चढंल?”

“फार नाही. त्या कोपऱ्यात दीड इंच.”

“आन् मग थांबंल?”

“थांबेल कसं? मग इकडून तिकडे पसरत जायचं. संध्याकाळपर्यंत सगळं सपाट!”

गोमाजीने दाराची चौकट धरली. “सगळं... सपाट?”

“सगळं! एक उंचवटा शिल्लक ठेवणार नाही!” शरदराव स्वप्नात हसले.

गोमाजी उलट पावली बाहेर गेला. स्वयंपाकघरात जमलेल्यांना म्हणाला, “मास्तर हसतायत. डोक्यावर परिणाम झालाय. म्हणतायत, सांजपावतर आळी सपाट होनार. एक उंचवटा ऱ्हायाचा नाय.”

ठमाबाई मटकन खाली बसली. शेळी तिच्या मांडीवर बसली.

आत शरदरावांनी गोणी उसवली आणि पाण्यात कालवायला घेतली. ही गोणी फारच चांगल्या प्रतीची निघाली. मऊ, पांढरी, हाताला लोण्यासारखी. मुख्य म्हणजे घाई करत नव्हती! पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली, तरी मऊच. शरदराव थापीने ते छताला लावत होते, हळूहळू, गुणगुणत. मधेच थांबून खिडकीबाहेरचा पाऊस बघत होते. पावसाची धूसर झालर, ओली कौलं, लांबवर ढगांत बुडालेले डोंगर. छत पांढरं होत चाललं होतं. आपण ढगाला आतून अस्तर लावतोय असं त्यांना वाटू लागलं. आयुष्यात इतकं सुख त्यांना कधी झालं नव्हतं. या गोणीचा वास तेवढा ओळखीचा होता. कुठल्यातरी सणाचा. पण सुखाच्या क्षणी वासाची चौकशी कोण करतो!

या सगळ्या गडबडीत एकच माणूस वर आला नव्हता. कुशाबा. पन्नास वर्षं त्याने दुसऱ्याच्या शब्दावर एक वीट ठेवली नव्हती. छत्री उघडून तो सरळ पुलावर गेला, कठड्याला टेकून सावकाश नदी बघितली, आणि तितक्याच सावकाश परत आला. मागचा जिना चढला, पायरीवरच्या कालवणाला वळसा घातला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आत सतरा माणसं, दोन फ्रिज, तीन टीव्ही आणि एक शेळी.

“नदी पात्रात हाय,” तो म्हणाला. “काठाला पन लागली नाय.”

“मग खुणेच्या वर काय गेलं?” गोमाजी ओरडला.

कुशाबा उत्तर देणार, तोच त्याची नजर खाली गेली. आतल्या खोलीतून पुढच्या खोलीकडे जमिनीवरून जांभळी नळी चालली होती. तो वाकला, नळीवर बोट ठेवलं आणि तिच्या मागोमाग चालू लागला. त्याच्या मागून सतरा माणसं. नळी पुढच्या खोलीत शिरली, पलंगाखालून गेली, खिडकीच्या गजावर चढली. कुशाबाचं बोट पेन्सिलच्या रेघेवर येऊन थांबलं.

“ही खूण,” तो म्हणाला. “आन् हे चढल्यालं पानी.”

अनुपमाबाईंनी मान न हलवता डोळे फिरवून एवढी माणसं पाहिली. “अगं बाई! तुम्ही सगळे मला बघायला आलात?”

आतल्या खोलीतून शरदरावांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. सगळे तिकडे वळले. दार उघडलं. शरदराव टेबलावर उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, चेहऱ्यावर अपार समाधान.

“या, या! बघा कसं झालंय!”

कुणी छताकडे बघितलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते. गोमाजीने दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. शरदरावांच्या चेहऱ्यावरचं समाधान पीओपीसारखं घट्ट झालं. मग त्यांना ठमाबाई दिसली. शेळीची दोरी तिने अजून हाताभोवती घट्ट वळून धरली होती.

“मास्तर,” ती म्हणाली, “त्या साली माजं समदं गेलं. एक भांडं ऱ्हायलं नव्हतं. आज शेळी घेतली आन् पळाले. दार पन लावलं नाय.”

शरदराव टेबलावरून खाली उतरले. “ठमाबाई, माझं चुकलं,” ते म्हणाले. आपल्या मजल्याखाली माणसं कशी राहतात, पावसाचा आवाज त्यांना कसा ऐकू येतो, हे छताच्या नादात आपण पार विसरलो, या विचाराने त्यांचे कान पिठाखाली तापले.

पिठाखाली! कारण त्याच क्षणी वरून ‘फळ्‌’ असा आवाज झाला, आणि भाकरीएवढा एक पांढरा गोळा नेमका त्यांच्या टकलावर येऊन बसला. दुसरा गोमाजीच्या खांद्यावर पडला. गोमाजीने बोटाने चाखून पाहिला. मग उसवलेल्या गोणीकडे पाहिलं.

“मास्तर! हे तांदळाचं पीठ हाय! माजं! मोदकाचं!”

“काय?” शरदराव म्हणाले. “मग पीओपी कुठे आहे?”

दारातून हर्षदचा आवाज आला. “सॉरी काका. भूल गया.”

छताने आता वाट बघितली नाही. इथून एक, तिथून एक, मोदकाचं पीठ थपाथप खाली येऊ लागलं. शेळी ठमाबाईच्या हातातून सुटली आणि पडेल ते आवडीने खाऊ लागली. कुशाबा सगळं शांतपणे बघत होता. “भिजवलंय बाकी छान,” तो म्हणाला. “गुठळी नाय एक.”

आधी ठमाबाईच हसली. पदर तोंडाला लावून, डोळे पुसत, हसायला लागली ती थांबेना. मग सगळेच हसले. पुढच्या खोलीतून अनुपमाबाई ओरडत होत्या, “काय झालं? मलाही सांगा! मला हसवू नका, कंबर दुखते!” आणि हसत होत्या.

हसून झाल्यावर कुशाबाने एक कोपरा पुसला, अंथरायला पोतं घेतलं आणि जमिनीवर चक्क उताणा झोपला.

“कुशाबा, काय रे?” गोमाजीने विचारलं.

“छत उभ्यानं कळत नाय. बाईंना कळलं, कारन त्या उतान्या हायत. निजून बघ.”

गोमाजीही निजला. “आयला, खरंच. पोट हाय की!” मग हर्षद निजला. मग आणखी दोघं. ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती, तीही पदर पसरून आडवी झाली. सामान चढवून सगळ्यांची अंगं आंबली होती. पाहता पाहता खोलीभर माणसं पसरली, आणि शरदरावही त्यांच्यात जाऊन पडले. खिडकीतून पावसाचा ओला करडा उजेड येत होता. मधेच पिठाचा एखादा गोळा मऊ आवाज करत पडे आणि शेळी उठून तिकडे जाई.

“त्या साली इथंच निजलो होतो,” ठमाबाई हलक्या आवाजात म्हणाली. “दोन दीस. पन छत बघितल्याचं काय आठवत नाय मला.”

“कसं आठवंल?” गोमाजी म्हणाला. “तवा समद्यांची नजर जिन्याकडं होती. पानी किती पायऱ्या चढतंय.”

छताच्या ओल्या, अर्धवट पांढऱ्या अंगावर उजेड हळूहळू सरकत होता. कुणाला त्यात कापड्याची भातखाचरं दिसली, कुणाला नुसतेच ढग. पाऊस एका लयीत पडत राहिला. हर्षद घोरू लागला. मग गोमाजी. त्या दिवशी दुपारी साडेचार वाजता महाडच्या एका वरच्या मजल्यावर अर्धी आळी जमिनीवर उताणी झोपली होती, आणि नदी तिकडे आपल्या पात्रात होती.

पुढचं काम अर्थातच कुशाबाने केलं. शरदरावांना त्याने पाणी द्यायच्या कामावर ठेवलं, पण ‘पानी’ हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नाही या अटीवर. गोमाजीने टेबल धरलं, हर्षदने खरी गोणी आणली. आळीतलं सामान मात्र लगेच खाली गेलं नाही. “चढवलंच हाय तर पाऊस सरंपर्यंत ऱ्हाऊ दे,” असं एकेक जण म्हणाला, आणि शरदराव पुढचे काही दिवस परक्या फ्रिजमधलं दूध चहात घालून प्याले. शेळी तेवढी खाली गेली. तीही नाराजीने.

बुधवारी छत वाळलं. अनुपमाबाईंना पुन्हा आतल्या खोलीत आणलं. त्यांनी वर पाहिलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एखादं उदाहरण तपासावं तसं पाहिलं. शरदराव उशाशी उभे होते. दहावीच्या निकालालाही त्यांची छाती एवढी धडधडली नव्हती.

“बरोबर आहे,” अनुपमाबाई म्हणाल्या.

एवढंच. पण त्यांच्या तोंडून हा शब्द आळीत फार थोड्यांनी ऐकला होता. शरदराव त्यांच्या शेजारी अलगद आडवे झाले. दोघं बराच वेळ त्या पांढऱ्या, निवलेल्या छताकडे बघत राहिली.

गुरुवारी डॉक्टर आले. तपासून खूश झाले. म्हणाले, “छान सुधारणा आहे! आता मात्र उताणं पडायचं अजिबात नाही. आजपासून डाव्या कुशीवर झोपायचं. फक्त डाव्या.”

डॉक्टर गेले. शरदरावांनी बायकोला दोन उशांचा आधार देऊन अलगद डाव्या कुशीवर वळवलं, पांघरूण घातलं आणि स्वतः पलीकडे पडून डोळे मिटले. पाऊस पडत होता.

“अहो,” भिंतीकडे तोंड करून अनुपमाबाई म्हणाल्या, “ही भिंत ओळंब्यात नाहीये.”

शरदरावांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

“खाली निदान पाऊण इंच पुढे आलीय. झोपलात का?”

“हो,” शरदराव म्हणाले.